सोजरमावशीचं रडणं

मयताच्या घरी जाताना सोजरमावशी दोन घरं अलीकडूनच गळा काढायची. तोवर तुरीच्या डाळीचं बोलणं चालू असायचं, मग एकदम पदर तोंडाला आणि "कुटं गेलीस गं माजे बाई!" गेलेल्या माणसाचे गुण ती अशा हेलात सांगे, की घरच्यांनाही ते नव्यानंच कळत. नेकनूरला ती आमच्याच गल्लीत राहायची. तिच्याशिवाय मातीला शोभा नाही, असं लोक म्हणत.

पन्नाशीनंतर मावशी कोरडी पडत गेली. डोळ्यांत वाळू गेल्यागत खुपायचं, पाण्याच्या घोटाशिवाय भाकरी उतरेना, धडधाकट दात किडून पडू लागले. सकाळी बोटं आखडत, मधूनच गाल सुजे. पंगतीत ती बुंदीवरही वरण ओतून घेई. वाढपी थबकला की म्हणे, "वत रं! गिळायचं मला हाय, तुला न्हाई."

त्यातच तिची सासू गेली. दोघी जन्मभर भांडल्या, पण एकीशिवाय दुसरी कधी जेवली नाही. मावशीनं गळा काढला, तर डोळ्यांत टिपूस नाही. जीभ टाळूला चिकटून आवाजही मध्येच अडकला. बायका कुजबुजल्या, "मनातून लई खूश हाय बगा!" ते ऐकून मावशी खचलीच. साऱ्या गावासाठी रडलेल्या बाईवर हा आळ! तिनं अन्न टाकलं. माझी आई तेवढी तिच्याजवळ बसून राहिली. "सोजर, मला दिसतंय गं," एवढंच म्हणाली आणि दोन दिवसांनी तिला बीडला डॉक्टरांकडे घेऊन गेली.

डॉक्टरांनी पापणीत कागदाची पट्टी अडकवली. थोड्या वेळानं काढली, तर जवळजवळ कोरडीच. रक्त तपासलं, तेव्हा आजाराचं नाव निघालं शोग्रेन. शरीराची रोगाशी लढणारी शक्तीच अश्रूंच्या आणि लाळेच्या ग्रंथींवर उलटते, असं डॉक्टरांनी सांगितलं.

"म्हंजी आंगातच भावकी उठली म्हना की," मावशी म्हणाली.

ती पट्टी तिनं मागून आणली आणि सासूच्या तेराव्याला जेवायला आलेल्या प्रत्येक बाईच्या नाकासमोर धरली. "बगा, हाय का वल? आता बोला!" बायकांनी पानात माना घातल्या.

तेव्हापासून तिच्या कमरेच्या चंचीत डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली आली. मयताचं घर जवळ आलं, की दोन घरं अलीकडं थांबून ती आभाळाकडे तोंड करी, दोन्ही डोळ्यांत थेंब सोडी आणि मग गळा काढी. "डोळ्याला औशिद व्हतंय, आन लोकांचंबी समाधान," असा तिचा हिशेब.

मागच्या उन्हाळ्यात माझी आई गेली. मी दारातच बसलो होतो. मावशी येताना दिसली, पण दोन घरं अलीकडं ती थांबली नाही. गळाही काढला नाही. सरळ आत येऊन आईच्या उशाशी बसली. डोळे लालभडक आणि ठणठणीत कोरडे. एक बाई हळूच म्हणाली, "मावशे, बाटली इसरलीस का?"

मावशीनं चंची चाचपली.

"हाय की. पर हिच्यासाटी कशाला घालू? हिला दिसतंय."

त्या दिवशी तिच्या वाटणीचंही मीच रडलो.