ठिपक्यांचं बंदर

आमच्या पारनेरच्या घरात पुढच्या खोलीत एक काचेचं कपाट आहे. त्यात आईच्या हातचा मण्यांचा गणपती, मण्यांचाच राजहंस आणि लोकरीचं तोरण आहे. हे सगळं तिनं लग्नाआधी केलेलं. तिला बघायला आलेल्या पाहुण्यांपुढं तिच्या आईनं ते मांडलं होतं आणि 'पोरीच्या हाताला वळण आहे' म्हणून लग्न जमलं होतं. माझ्या नावावर कपाटात एकही वस्तू नव्हती. मला सुईत दोरा ओवायचाही कंटाळा. याचं आईला फार वाईट वाटायचं, आणि ते ती मला आठवड्यातून एकदा तरी ऐकवायची.

इथल्याच एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मी बालवाडीला शिकवायला लागले तेव्हा पहिल्या पगारातून मोबाईलवरून एक फ्रेम मागवली. कुठल्याशा परदेशी बंदराचं चित्र, अर्थात छापील. शिडाच्या होड्या, संध्याकाळचं पाणी, मागं पुसट टेकडी. जवळ गेलं की होड्या नाहीत नि पाणीही नाही, नुसते ठिपके. निळ्याशेजारी नारिंगी, त्याच्याशेजारी पिवळा. चार पावलं मागं आलं की पाणी हलायला लागायचं. मूळ चित्रकारानं रंग न कालवता शेजारी शेजारी ठेवले होते आणि कालवायचं काम बघणाऱ्याच्या डोळ्यांवर सोडलं होतं. मला ते फार आवडलं. आईनं फ्रेम टांगली ती भिंतीला ओल आली होती तिथं. डाग झाकला गेला म्हणून तिलाही आवडली.

त्यानंतर दिवाळी झाली आणि मला बघायला नगरहून पाहुणे आले. मुलगा बँकेत, सावेडीत नवा बंगला बांधून होत आलेला. मुलगा, त्याचे वडील आणि त्याची आई. मी पोह्यांचा ट्रे घेऊन दारात उभी होते तेव्हा मुलाच्या आई चष्मा कपाळावर सारून फ्रेमपुढं उभ्या होत्या.

"अगं बया, समदे ठिपकेच हायेत की! हे पोरीनं केलंय का?"

आईनं क्षणभरही वेळ लावला नाही. "मग काय! तिनंच. नादच हाय तिला."

माझ्या हातात ट्रे होता आणि चेहऱ्यावर बघायला आलेल्यांसाठी ठेवलेलं हसू. तोंड उघडलं असतं तर आई चार माणसांत खोटी पडली असती. मी पोहे दिले. त्या बाईंनी बशी हातात घेऊन मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "लई धीर हाय गं तुझ्यात. एवढा धीर आसंल ती पोरगी घर धरून राहती."

चार दिवसांनी होकार आला आणि त्याच्याबरोबर एक मागणी. नव्या बंगल्याच्या हॉलमध्ये मुलीच्या हातचं असंच चित्र पाहिजे, जरा मोठं, वास्तुशांतीच्या आत. लग्न त्यानंतर. आई फोनवर म्हणाली, "करून देईल की, तिला काय!" फोन ठेवला आणि भिंतीवरच्या फ्रेमकडं बघत बसली.

"खरं सांगून टाक," मी म्हणाले.

"आता? सुपारी फुटायची वेळ आली आन् आता सांगू? काय तोंड दाखवू मी लोकांना?"

मग तिनंच उपाय काढला. दुसरी फ्रेम मागवायची, मोठी. मागचा कागद नि स्टिकर काढून टाकायचा. कोण बघतंय? मला ते पटेना. ते छापील खोटं त्यांच्या हॉलमध्ये लागलं असतं, आणि त्याच हॉलमध्ये मला जन्मभर झाडू मारायचा होता. नाही म्हणायचं तर मला लग्नालाच नाही म्हणायचं होतं, कारण मला अजून कुणाच्या घरी जायचंच नव्हतं. पण मुलगा चांगला होता, घर चांगलं होतं, आणि 'का नाही' याला माझ्याकडं सांगण्यासारखं उत्तर नव्हतं. म्हणून म्हणाले, करते हातानं. वडिलांनी सुताराकडून पांढरा बोर्ड आणून दिला आणि "रंग संपला तर सांग" एवढंच म्हणून ते मळ्यात निघून गेले.

मागच्या खोलीत धान्याच्या कणगीशेजारी मी बोर्ड टेकवला. एसटी स्टँडसमोरच्या दुकानातून पोस्टर कलरच्या बाटल्या आणल्या, आणि कान साफ करायच्या काड्यांची डबी. एका काडीनं एक रंग. शाळेतून आले की जेवायचं आणि ठिपके द्यायला बसायचं. पहिल्यांदा रंग ओघळले. मग काडी किती बुडवायची ते कळलं. एका होडीचं शीड भरायला इतके दिवस गेले की मला शिडाचा रागच येऊ लागला. खोली एवढीशी की मागं सरकून बघायला जागा नाही. माझी पाठ लगेच कणगीला लागायची, आणि समोर नुसते ठिपके. आपण काय करतोय ते कळायलाच मार्ग नव्हता. शेवटी बोर्ड उचलून अंगणात न्यायचा, भिंतीला लावायचा, फाटकापर्यंत चालत जायचं आणि वळून बघायचं.

अंगणात चित्र दिसलं की शेजारणी यायच्या. "काय गं धीराची पोर!" गल्लीत माझं तेच नाव पडलं. मी मुळीच धीराची नाही. लहानपणी मी चिडून तांब्या फेकलेला आहे, दाराला पोचा अजून आहे. पण आता मला चिडायची सोय उरली नाही. भाजीत मीठ जास्त झालं म्हणून कुरकुरले तरी आई म्हणायची, "अगं, तू एवढी शांत पोर, तुला शोभतं का?" तिच्याच तोंडून निघालेलं खोटं तिला आता खरं वाटत होतं. आणि त्यात भर म्हणजे एके दिवशी फाटकातून वळून बघितलं तर माझं पाणी हललं. खरोखर हललं. मला इतका आनंद झाला की मी एकटीच हसले, आणि लगेच वाटलं, हे चांगलं होतंय म्हणजे मी जास्तच अडकतेय.

मुलाचा रोज संध्याकाळी फोन यायचा. "किती झालं?" एकदा मी त्याला सगळं सांगून टाकलं. पहिली फ्रेम विकत घेतलेली आहे, मी केलेली नाही.

तो हसला. "मग काय झालं? आता करतेयस ना? झालं तर."

"तुमच्या आईंना सांगायला नको?"

"कशाला? आमच्याकडं आईच्या मनासारखं झालं की घर शांत असतं. तुलाही कळेल हळूहळू."

तो हे अगदी प्रेमानं म्हणाला. त्यात वावगं काय ते मला तेव्हा धड सांगता आलं नसतं, पण त्या संध्याकाळी माझी काडी चालेना.

वास्तुशांतीच्या आदल्या आठवड्यात मुलगा आणि त्याची आई चित्र न्यायला गाडी घेऊन आले. वडिलांनी बोर्डाला लाकडी पट्ट्यांची चौकट करून घेतली होती. मी ते पुढच्या खोलीत छापील फ्रेमच्या खाली टेकवून ठेवलं. बाई आल्या, चष्मा कपाळावर सारला, एकदा वर बघितलं, एकदा खाली.

"पहिल्यासारखं न्हाई झालं," त्या म्हणाल्या.

आईचा चेहरा पडला. मला मात्र एकदम मोकळं वाटलं. म्हणाले, "काकू, वरचं मी केलेलं नाहीच. ते विकतचं आहे. माझं हे खालचं."

आईनं डोळे मिटून घेतले. मुलगा मोबाईलमध्ये बघायला लागला. बाई मात्र हसल्या, चांगल्या खळखळून.

"अगं, मला पहिल्या दिवशीच ठाऊक हुतं! दाढ काढायला गेल्ते त्या डॉक्टरच्या बाकापुढं हीच फ्रेम हाय. तोंड सुजवून तासभर तिच्याकडंच बघत बसले हुते मी."

"मग करायला का सांगितलंत?" मी विचारलं.

त्या जवळ आल्या, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "आजकालच्या शिकल्याल्या पोरी ऐकत्यात कुठं? म्हणलं, सांगितलं की बसती का ते बघावं. बसलीस, बाई. मला सून गावली."

आईनं डोळे उघडले आणि ती रडत रडत हसायला लागली. तिच्या डोक्यावरचं एवढं मोठं ओझं क्षणात उतरलं होतं. मुलगाही हसला, "बघ, मी म्हटलं नव्हतं?" असं काहीतरी म्हणाला. हात अजून माझ्या डोक्यावर होता, उबदार आणि जड, आणि त्यात खरी माया होती. त्या मायेचीच मला भीती वाटली. इतके दिवस मला वाटत होतं की मी आईच्या खोट्यात अडकलेय. तसं नव्हतंच. आता त्या घरात कुणीतरी रोज मला काहीतरी सांगणार होतं आणि मी बसणार होते.

मी त्यांचा हात डोक्यावरून काढला. हळूच काढला, झटकला नाही.

"काकू, मला हे लग्न करायचं नाही."

कुणाला आधी कळलंच नाही. मग आई "अगं..." म्हणाली. मुलगा त्याच्या आईकडं बघत राहिला, माझ्याकडं नाही.

"आन् चित्राचं?" बाईंनी विचारलं. त्यांचा आवाज प्रथमच बारीक झाला होता. "हॉलमधी खिळा ठोकलाय आमी."

"चित्र न्या," मी म्हणाले. "मी येणार नाही."

त्यांनी ते चादरीत गुंडाळलं, मागच्या सीटवर आडवं ठेवलं आणि खरंच घेऊन गेले.