जुन्या भाऊच्या पक्षातल्या अकरा जणी

त्या हंगामात आमच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, दोन पक्ष होते. एका पक्षात रोवणीच्या अकरा बायका आणि दुसऱ्या पक्षात एकटी मी. भांडण राजकारणाचं नव्हतं, मोबाईलवरच्या एका कार्यक्रमाचं होतं.

कार्यक्रम आमच्याच भागातला. पडेल सिनेमे शोधून काढायचे आणि झाडीबोलीत त्यांची यथेच्छ टिंगल करायची, एवढंच त्यात असायचं. आधी तो एक पन्नाशीतला माणूस चालवायचा. एरवी तो झाडीपट्टीच्या नाटकांत विनोदी कामं करायचा. पुढे त्याला नाटकं जास्त मिळू लागली आणि त्याच्या जागी पंचविशीतला एक जण आला. बायका पहिल्याला ‘जुना भाऊ’ म्हणायच्या आणि दुसऱ्याला नुसतं ‘तो पोरगा’. तेवढ्यावरूनच त्यांचं मत कळायचं.

मी तेव्हा सिंदेवाहीच्या अलीकडे एका बियाणेवाल्याच्या शेतावर देखरेखीला होते. घुग्घुसला वाढलेली, शेतीची पदविका घेतलेली, आणि घरचा स्वभाव वाद घालायचा. वडील खाणीतली पाळी संपवून यायचे ते काळ्या कपड्यांनिशी वादाला बसायचे. जेवताना कुणी वाद घातला नाही, तर आई अंगाला हात लावून ताप बघायची. त्यामुळे अकरा जणी समोर असल्याचं मला भय नव्हतं. उलट बरंच वाटायचं.

माझा मोबाईल पॉलिथिनच्या पिशवीत घालून धुऱ्यावरच्या एखाद्या काठीला अडकवायचा आणि आवाज पूर्ण सोडायचा, अशी पद्धत होती. बायका बांधीत, म्हणजे धानाच्या त्या चिखलाच्या चौकोनात, वाकून मागे मागे सरकत रोवायच्या. मध्येच अकरा पाठी एकदम हलायच्या. तेव्हा समजायचं, जुना भाऊ काहीतरी बोलला.

सगळ्यांत आवडीचा भाग वाघाचा. त्यात नायक वाघाशी कुस्ती खेळतो आणि वाघाच्या पोटावरची चेन स्पष्ट दिसते. जुना भाऊ ती कुस्ती एखाद्या शंकरपटाचं, बैलांच्या शर्यतीचं, वर्णन करावं तशी सांगायचा. आता वाघानं डावा पाय उचलला, आता त्याचा मोजा घसरला, आता नायकानं त्याला मिठी मारली, आता दोघंही दमून बसले. हा वाघ सिंदेवाहीत आला तर कुत्रे त्याले पळवतील, असं तो म्हणाला की बायका चिखलात बसायच्या बाकी राहायच्या. ह्याच बायका सकाळी कामावर येताना नाल्याजवळ घोळका करून, मुद्दाम मोठमोठ्यानं बोलत यायच्या. तिथे खऱ्या वाघाचे पंजे उमटलेले असायचे. दोघी-तिघींना मात्र म्हशीत आईचा आत्मा शिरतो तो भाग जास्त आवडायचा, आणि त्यांच्यातही आपसात जुंपायची.

मी त्या पोराच्या बाजूची. तो बोलायचा कमी. सिनेमा मध्येच थांबवून आपल्याकडे नुसता बघत राहायचा, नायकाच्या धडावर स्वतःचं मुंडकं लावायचा, नाचणाऱ्यांना उलटं नाचवायचा. मला वाटायचं, विनोद असा हवा, कळणाऱ्याला कळणारा. बायकांना तो रुचत नाही म्हणजे त्यांना कळत नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. पदविकेचा थोडा वास अंगाला येतोच.

टोळीची पुढारीण साठीच्या पुढची होती. सगळ्या तिला मोठी बाई म्हणायच्या, मीही. कुणाच्या शेतावर जायचं, कधी जायचं, सगळं तिच्या शब्दावर. ती बोलायची कमी, पण जुन्या भाऊचे भाग तिला पाठ होते. तो पोरगा लागला की ती एकच वाक्य म्हणायची, “त्याच्यात काय हाय?” माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

रोवणीच्या ऐन धांदलीत एका दुपारी मी ठरवलं की आज ह्या वादाचा निकाल लावायचाच.

त्या दिवशी शेजारच्या दोन बांध्यांत धानाचे दोन वाण लावायचे होते, डावीकडे ठोकळ आणि उजवीकडे बारीक. बियाण्याच्या शेतात नियम असा की एक वाण पूर्ण लावून झाल्याशिवाय दुसऱ्याच्या रोपांच्या पेंड्या आणायच्याच नाहीत. रोपं कोवळी असताना बघणाऱ्याला सारखीच दिसतात. मी घाईत दोन्ही आणवल्या होत्या. मधल्या धुऱ्यावर दोन ढीग घातले होते, आणि ओळखीसाठी ठोकळच्या ढिगात लाल डोक्याची खुंटी, बारीकच्या ढिगात पांढरी. खुंट्या रोवायचं काम माझं. ते मी दुसऱ्या कुणाला करू देत नसे.

डावी बांधी अर्धी झाली होती. जेवण उरकल्यावर मी त्या पोराचा सगळ्यांत गाजलेला भाग लावला. अकरा पाठी वाकलेल्याच राहिल्या. कुणी हसेना. मी वैतागून सगळ्यांना धुऱ्यावर बोलावलं. बघा तर खरं, म्हटलं, न बघता काय नाव ठेवता. मोबाईल सगळ्यांना दिसावा म्हणून दोन्ही खुंट्या उपटल्या, एकमेकींना चिकटवून रोवल्या आणि त्यांच्या बेचक्यात मोबाईल बसवला. बायका माना लांब करून बसल्या. तरण्या पोरी हसल्या. मोठी बाई पण हसली, पण सगळ्या हसून झाल्यावर. मला वाटलं, हट्टीपणा. भाग संपल्यावर ती उठली, हात झटकले आणि म्हणाली, “त्याच्यात काय हाय?”

मी खुंट्या उपटल्या आणि रागारागात ढिगांत परत खुपसल्या. कोणती कुठे, हे बघितलं नाही.

बायका लाल खुंटीच्या ढिगातल्या पेंड्या घेऊन डाव्या बांधीत उतरल्या. चार-पाच ओळी झाल्यावर मोठी बाई थांबली. हातातली रोपं बोटांत फिरवत म्हणाली, “मॅडम, हे रोप हाताले वेगळं लागून राह्यलं.”

“खुंटीकडे बघा ना जरा,” मी म्हटलं. “लाल आहे की नाही?”

तिनं ढिगाकडे तोंड केलं. थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग म्हणाली, “हो. लालच हाय,” आणि वाकली.

धान निसवायला लागलं तेव्हा दोन्ही बांध्या बोलू लागल्या. डावीकडे अर्ध्यात ठोकळच्या उंच लोंब्या, अर्ध्यात बारीक. उजवीकडेही तीच भेसळ. बियाणं म्हणून दोन्ही बांध्या बाद. मला बघताक्षणी तो दिवस, तो राग, त्या खुंट्या, सगळं आठवलं. शेतमालक धुऱ्यावरून फिरत होता. तो एरवी शांत माणूस, त्या दिवशीही आवाज चढवला नाही. नुसतं म्हणाला की बुढीले आता दिसत नाई वाटते, पुढच्या वर्षी दुसरी टोळी पाहू. मोठी बाई चार हातांवर उभी होती. तिनं ऐकलं आणि पदर खोचला.

मी गप्प राहिले. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती आणि चोर तिथेच छत्री घेऊन उभा होता.

दुसऱ्या दिवसापासून मोठी बाई यायची बंद झाली. बाकीच्या यायच्या, पण खाली मान घालून. टोळी तिच्या नावावर चालायची. तिचं नाव गेलं की दहा घरांचं हंगामाचं काम गेलं, हे मला माहीत होतं. कुणी मोबाईल लाव म्हणेना. पक्ष उरले नाहीत की वाद किती कंटाळवाणा होतो ते मला त्या चार दिवसांत कळलं. खाई त्याला खवखवे. पाचव्या दिवशी दुपारी मी तिच्या गावी गेले.

ती ओसरीत सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. मी दारात उभी राहिले तरी तिनं ओळखलं नाही. “कोण हाय?” म्हणाली. मी बोलल्यावर ओळखलं. तिच्या समोर बसले आणि बघत राहिले. ती सुपाकडे बघतच नव्हती. बोटं तांदळातून फिरायची, खडा सापडला की बाजूला टाकायची. नजर समोर अंगणात.

मी विचारलं, कधीपासून. तिनं आढेवेढे घेतले नाहीत. दोन वर्षं झाली, सारं धुक्यावानी दिसते, म्हणाली. मोतीबिंदू आहे, धान कापून झाल्यावर शिबिरात जाऊन काढून घेणार आहे. पण हंगामात लोकांना कळलं तर तिच्या टोळीला कुणी बोलावणार नाही. म्हणून कुणाला सांगितलं नाही. रोवायला डोळे लागत नाहीत, हात लागतात.

मग मला तो भाग आठवला, सगळ्या हसून झाल्यावर तिचं ते हसणं. मी म्हटलं, म्हणून तुम्हाला तो पोरगा आवडत नाही?

ती पहिल्यांदा हसली. “जुना भाऊ सांगते, मॅडम. हा दाखवते. मले सांगणारा पायजे.”

मी अख्खा हंगाम विनोदाची समज कुणाला आहे आणि कुणाला नाही, ह्यावर भांडले होते. आणि जिला दिसत नाही तिला म्हणाले होते, खुंटीकडे बघा. मला इतकी लाज वाटली की तिच्या सुपातले चार दाणे उचलून मी उगाच निवडत बसले. निघताना तिनं एकच मागितलं. “मालकाले डोळ्याचं सांगू नको.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला बळंच सोबत घेऊन शेतावर आले. शेतमालक आणि सगळी टोळी समोर असताना सांगितलं की खुंट्या मी उपटल्या होत्या, मीच उलट्या रोवल्या, आणि दोन्ही वाण एका वेळी मीच आणवले. कशासाठी उपटल्या तेही सांगितलं. सिनेमाची टिंगल दाखवायला खुंट्या उपटल्या हे सांगताना माझा आवाज बारीक झाला.

शेतमालकानं दोन्ही बांध्यांकडे बघितलं. मग विचारलं, “पण बुढीनं काऊन नाई ओळखलं? जनम गेला तिचा रोवण्यात.”

मोठी बाई हलली नाही.

“ओळखलं होतं,” मी म्हटलं. “मला सांगितलंही होतं. मीच ऐकलं नाही.”

त्यानं टोळी कायम ठेवली. खुंट्या मात्र माझ्याकडून काढून घेतल्या. तेव्हापासून त्या तो स्वतः रोवायचा आणि मी बाजूला उभी राहायचे. ते मला लागलं, पण ते योग्यच होतं.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बायकांनी धुऱ्यावर डबे उघडले. मी आपली लांब बसले होते. मोठ्या बाईनं हाक मारली. तिच्याजवळ जागा केली आणि म्हणाली, “तो पोरगा लाव. अन् तू सांग.”

मी तोच भाग लावला. सुरुवातीला जीभ अडखळली. आता नायक घोड्यावर बसला, म्हटलं. घोडा थांबलाय, मागची झाडं पळतायत. आता पोरानं नायकाच्या धडावर आपलं मुंडकं लावलं. मुंडकं मोठं झालंय, मान कुठेच नाही. आता नायिका त्या मुंडक्याकडे बघून लाजतेय. बायका खात होत्या, ऐकत होत्या. मोबाईलकडे कुणी बघत नव्हतं. आता घोडा वळून त्याच्याकडे बघतोय, मी म्हटलं, आणि पुढचं सांगायच्या आतच मोठी बाई हसली. सगळ्यांच्या आधी.