फक्त पाव फेरा

शिंपीणबाई पाणी समितीच्या अध्यक्षा झाल्या त्या एका कोटाच्या बाह्यांपायी. निवड होती त्या दुपारी त्या बाह्या उसवत घरी बसल्या होत्या, आणि गावची रीत अशी की पद द्यायचं ते गैरहजर माणसाला. हजर असलेल्याला तोंड असतं, तो नाही म्हणतो. संध्याकाळी शाळेचा शिपाई शिक्का आणि रजिस्टर शिलाई मशीनवर ठेवून गेला.

"मला कुणी विचारलं?" बाई म्हणाल्या.

"विचारलं असतं तर तुम्ही झाला असता का?" शिपाई म्हणाला.

याला तीन वर्षं झाली. बाई सभा बोलवायच्या, आणि यायचे कोण, तर वरच्या आळीतले सहाजण, ज्यांचे नळ कोरडे होते. बाकीच्यांच्या सह्या तेवढ्या रजिस्टरात असत, कारण शिपाई दारोदार फिरून त्या गोळा करी. गाव करी ते राव न करी, असं म्हणणाऱ्याने हे गाव पाहिलेलं नसावं. टाकी सगळ्यांची, पाणी सगळ्यांचं, आणि वैताग एकट्या बाईंचा.

त्यात बाईंची लेक दिलेली त्याच वरच्या आळीत. तान्ही मुलगी कडेवर घेऊन ती रोज उतारावरून पाणी वाहून न्यायची. जावयाने शहरात खोली पाहून ठेवली होती. "आई, महिनाअखेरपर्यंत नळाला पाणी आलं तर राहू, नाहीतर आम्ही निघालो," लेकीने सांगून टाकलं होतं. नात पाच महिन्यांची, नुकती आजीला ओळखायला लागलेली. बाईंचा जीव टांगणीला लागला होता.

मोटर चालू होती, टाकी भरत होती. पाणीवाला रोज सकाळी खालच्या पाच आळ्यांचे व्हॉल्व्ह बंद करून वरच्या आळीचा उघडायचा. मग पाणी मुरायचं कुठे? एक दिवस बाई हातातलं काम टाकून त्याच्यामागून निघाल्या. त्याने आपल्या कमरेएवढ्या किल्लीने एकेक व्हॉल्व्ह घट्ट पिळला. तासाभराने दोघं परत फिरून बघतात तर पाचही व्हॉल्व्ह थोडेथोडे उघडलेले.

"मी बंद करतो, बाई," पाणीवाला म्हणाला. "उघडतं कोण ते मला विचारू नका. मला याच गावात राहायचंय."

व्हॉल्व्हची किल्ली करणार तो लोहारच, म्हणून बाई त्याच्याकडे गेल्या. त्याने मात्र आढेवेढे घेतले नाहीत. "सतरा केल्या मी," तो म्हणाला. "पाणीवाल्याची किल्ली लांब, सगळ्यांना दिसते. म्हणून ह्या वीतभर केल्या, पिशवीत मावतात. प्रत्येकजण म्हणाला, आपल्याला फक्त पाव फेरा हवाय, त्याने कुणाचं काय जातंय."

"कोणकोण म्हणालं?"

लोहार बाईंकडे बघत काहीतरी बोलणार होता, पण भट्टीकडे वळला आणि नको तेव्हा कोळसे उकरू लागला.

बाई तरातरा निघाल्या त्या समोरच्या गिरणीवालीच्या दारात. ती कानावर हात ठेवील असं वाटलं होतं. पण तिने मुकाट्याने पिठाच्या डब्यामागून किल्ली काढली आणि बाईंच्या हातावर ठेवली. वीतभर लोखंडी दांडा, एका टोकाला चौकोनी खाच, दुसऱ्या टोकाला आडवी मूठ.

"घ्या वहिनी. पण गावाला शिकवायच्या आधी एकदा घरात बघा. लोक तुमच्या सभेला का येत नाहीत वाटतं तुम्हाला?"

बाईंनी दांडा उलटसुलट करून पाहिला. अगदी असाच दांडा वर्षभर त्यांच्या कापायच्या टेबलावर होता. कापड सरकू नये म्हणून त्या तो वर ठेवत. भंगारातलं काहीतरी असेल, असं समजून. नातीचं झबलंसुद्धा त्यांनी त्याच्याच वजनाखाली कापलं होतं.

नवरा परसात टोमॅटोच्या वाफ्यात होता. बाईंनी टेबलावरचा दांडा आणून त्याच्यासमोर धरला. "अहो, हे काय आहे?"

"ते होय. तुला कापडावर ठेवायला बरं पडतं ना?"

"व्हॉल्व्हला कधीपासून लावताय?"

"अगं, फक्त पाव फेरा. तोही रोज नाही. हे टोमॅटो आले असते का नाहीतर?"

वर्षभर त्यांनी या टोमॅटोंचं कौतुक केलं होतं. त्यातले मोठे मोठे निवडून वरच्या आळीत लेकीकडे पाठवले होते.

दुसऱ्या दिवशीच्या सभेला शाळेत बसायला जागा उरली नाही. अध्यक्षांच्याच घरात किल्ली सापडली म्हटल्यावर तीन वर्षांत न फिरकलेलेही वेळेआधी हजर. पाण्यासाठी जी माणसं जमली नाहीत ती फजिती बघायला जमली. बाईंनी दांडा टेबलावर ठेवला.

"ही माझ्या घरची. माझ्या नातीच्या तोंडचं पाणी आम्ही टोमॅटोला घातलं. हसायचं असेल त्यांनी हसून घ्या आणि मग आपापल्या आणून ठेवा."

कुणी हसलं नाही. गिरणीवालीची किल्ली बाईंनी कुणाची ते न सांगता शेजारी ठेवली, तेव्हा ती स्वतःच उठून म्हणाली, "ती माझी." मग एकेकजण घरी जाऊन आला. कुणी फडक्यात गुंडाळून आणली, कुणी "ही वाटेत सापडली" म्हणत. अंधार पडेपर्यंत सोळा झाल्या. सतरावी आली नाही, आणि ती कुणाची हे सगळ्यांना ठाऊक असूनही कुणी बोललं नाही. गाव ते गावच.

सकाळी बाई लेकीच्या नळाशी जाऊन बसल्या. नळ आधी नुसता फुसफुसला, खोकला, मग करंगळीएवढी धार लागली. लेकीने खाली बादली सरकवली आणि ती अर्धी होईपर्यंत आईकडे पाहिलं नाही. सभेत मागच्या बाकावर तीही होती.

"खोली नको म्हणून कळवते," ती शेवटी म्हणाली. "पण आई, टोमॅटो आता पाठवू नकोस."