अकरा जणांच्या फोटोला हार

फोटोला हार घातला यात माझं काही चुकलं असं मला अजूनही वाटत नाही. चुकलं ते हाराचा अर्थ समजावून सांगण्यात. कुणी काही विचारलं की दोन वाक्यांत थांबणं मला जमत नाही, हे माझ्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. त्या रविवारी ते शेजारच्या बाईंनाही कळलं.

इथे अमेरिकेत, श्रूजबरीत, आमच्या शेजारी एक जर्मन बाई राहतात. ऐंशी ओलांडलेल्या, एकट्या, अजून स्वतः गाडी चालवतात. भारतीय माणसाला कॉम्प्युटरमधलं सगळं येतं असा त्यांचा ठाम समज. मी बँकांचं सॉफ्टवेअर टेस्ट करतो. पण बाईंनी माझ्याकडून प्रिंटर, टीव्हीचा रिमोट आणि एकदा चक्क पाण्याचा हीटर दुरुस्त करून घेतलाय. हीटर नंतर प्लंबरने परत दुरुस्त केला, ती गोष्ट वेगळी.

सप्टेंबरात त्या एक जुना, फ्रेम केलेला फोटो घेऊन आल्या. पहिल्या महायुद्धाच्या आधीची फुटबॉल टीम. अकरा जण, डोक्यावर टोप्या, मिशा राखलेल्या, पुढच्या रांगेत एकाच्या पायाशी चामड्याचा चेंडू. त्यांच्या गावातला हा अगदी सुरुवातीच्या काळातला क्लब. पुढे तो दुसऱ्या मोठ्या क्लबात मिसळून गेला. आता त्या मोठ्या क्लबाने जुन्या क्लबाचा इतिहास छापायला घेतला होता, शिवाय युद्धात गेलेल्या खेळाडूंच्या नावांचा दगड नवा करायचं ठरवलं होतं. बाईंचे आजोबा या टीमचे गोलकीपर. क्लबाने बाईंना दोन गोष्टी विचारल्या होत्या: फोटो स्कॅन करून मिळेल का, आणि आजोबांचं नाव दगडावर घालायचं का? पहिली गोष्ट त्यांनी माझ्या गळ्यात घातली. दुसरीबद्दल तेव्हा मला काहीच सांगितलं नाही. तिचं उत्तर सोमवारपर्यंत द्यायचं होतं आणि बाईंच्या हातून ते होत नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं.

स्कॅन करून मी फोटो मोठ्या मॉनिटरवर उघडला. दहा जण सरळ माझ्याकडे बघत होते. अकरावा, गोलकीपर, ऐन वेळी कुणीतरी हाक मारल्यासारखा बाजूला वळला होता, त्यामुळे चेहरा पुसट. आपली कला दाखवावी म्हणून मी तो सॉफ्टवेअरने स्पष्ट करायला गेलो. क्षणात एक स्वच्छ, देखणा चेहरा उमटला. नाक, डोळे, ओठांची घडी, सगळं काही होतं. फक्त असा माणूस कधी जगात झालाच नव्हता. मी ते घाईघाईने पुसलं. पण तो बनावट चेहरा पुढे बरेच दिवस मला कुठेही दिसायचा, ग्रोसरीच्या रांगेत, हायवेवर शेजारच्या गाडीत.

फ्रेम आमच्या जेवणाच्या खोलीतल्या फडताळावर ठेवली होती. बायको म्हणाली, "अरे, एवढे पुरुष उभे राहून बघतायत, वाढू का त्यांनाही?" ती हसली, मीही हसलो, पण नंतर जेवताना दोघंही त्या बाजूला पाठ करून बसायला लागलो.

मग सर्वपित्री अमावास्या आली, नेमकी रविवारी. ज्यांची तिथी माहीत नाही त्यांचंही श्राद्ध या दिवशी होतं, त्यामुळे परदेशात राहून तिथ्या विसरणाऱ्या आमच्यासारख्यांना हा दिवस फार सोयीचा. बायकोने वडे, खीर, आमसुलाची चटणी केली. परसातल्या झेंडूचे हार करणं माझ्याकडे. आईबाबांच्या फोटोंना घालून एक हार उरला. समोर हे अकरा जण. यांना हार घालायला इथे कोण आहे, असं मनात आलं आणि मी तो त्यांच्या फ्रेमवर चढवला. मागच्या डेकवर एक पान वाढून ठेवलं. इथले कावळे पानाकडे फिरकत नाहीत, एखादी खार येते. आम्ही तिलाच कावळा मानून घेतो.

तेवढ्यात बाई फोटो न्यायला आल्या. झेंडू बघून खूश झाल्या. किती सुंदर, कशासाठी, असं विचारलं. मी सुरू झालो. आमच्यात जिवंत माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत, तो अपशकुन. हार म्हणजे हा माणूस गेला. आज गेलेल्यांचं जेवण असतं. मी अगदी रंगात आलो होतो. बायको स्वयंपाकघरातून मला डोळ्यांनी थांबवत होती, हे मला दिसत होतं. पण मला वाटलं वडे तळून झाले असतील.

बाईंनी हाराखालून हात घालून गोलकीपरवर बोट ठेवलं.

"यातला हा गेलेला नाही," त्या म्हणाल्या.

मी मनात त्याच्या वयाचा हिशेब केला, आणि मग पुन्हा एकदा केला.

बायकोने त्यांना खुर्ची दिली. मग त्यांनी सगळं सांगितलं. त्या काळी त्यांच्या गावात फुटबॉल म्हणजे इंग्रजांचं खूळ. व्यायामशाळेतले मास्तर या पोरांना बघून रस्त्यात तोंड फिरवायचे. खेळायला सैन्याचं कवायतीचं मैदान, तेही रिकामं असेल तेव्हा. गोलचे खांब तिथे ठेवायची परवानगी नव्हती, म्हणून दर वेळी खांब खांद्यावर घेऊन गावातून चालत जायचं आणि खेळ संपला की परत आणायचे. बाईंच्या आजीला आजोबा पहिल्यांदा दिसले ते असे, खांब वाहताना. तिला वाटलं सुतार आहेत.

लग्न झालं, मुलगी झाली, युद्ध सुरू झालं. टीममधले बरेच जण गेले ते गेलेच. त्यांच्या मरणाच्या बातम्या तरी आल्या. गोलकीपरची बातमीच आली नाही. बेपत्ता, एवढंच. युद्धानंतर क्लबाने दगड बसवला, तेव्हा आजीने नाव घालू दिलं नाही. तो परत आल्यावर स्वतःचं नाव तिथे वाचून काय म्हणेल, असं तिचं म्हणणं. क्लबाने ऐकलं. पहिल्या मॅचला सुरुवातीचा थोडा वेळ त्यांनी गोल मोकळा ठेवला. समोरच्या टीमनेही तिकडे चेंडू मारला नाही. सगळे मधल्यामध्ये चेंडू ढकलत राहिले आणि आजी कडेला उभी राहून त्या रिकाम्या गोलकडे बघत होती.

घरी रोज त्याचं ताट मांडलं जायचं. बाई लहान असताना दुसरं युद्ध संपत आलं होतं, खायला काही नसायचं, तेव्हाही ताट असायचं, रिकामं. त्या ताटाशेजारी बसून त्या जेवायला शिकल्या. आजी गेली, आईने ते चालू ठेवलं. बाई लग्न करून अमेरिकेत आल्या आणि इथे त्यांनी ताट मांडलं नाही. पण तो गेला, हे वाक्य त्यांच्या घरात आजवर कुणी बोललं नव्हतं. बोलू शकणारं आता एकच माणूस उरलं होतं, आणि उद्यापर्यंत त्यांनी ते बोलावं म्हणून क्लब थांबला होता.

मी हार काढायला उठलो. बाईंनी हातानेच थांबवलं.

"आणि तो जिवंत असला तर?" त्यांनी मला नाही, बायकोला विचारलं. शंभरीच्या पुष्कळ पलीकडे गेलेल्या माणसाबद्दल हा प्रश्न होता, आणि आम्हा तिघांपैकी कुणालाही तो विचित्र वाटला नाही.

बायको म्हणाली, "जेवायला वाढलं म्हणून कोण कशाला रागावेल?"

बाईंनी डेकवरच्या पानाकडे बघितलं. मग मला म्हणाल्या, लॅपटॉप आणा. त्या सांगत गेल्या, मी टाइप करत गेलो. नाव दगडावर घाला. जन्माचं साल घाला. त्यापुढे काही घालू नका, जागा तशीच सोडा. पाठवण्याचं बटण मात्र त्यांनी स्वतः दाबलं, आणि दाबल्यावर हात मांडीवर घेऊन दुसऱ्या हाताने झाकून ठेवला, भाजल्यासारखा.

निघताना मी फ्रेम पुढे केली. त्यांनी घेतली नाही.

"आजच्या दिवस इथेच राहू दे," त्या हळूच म्हणाल्या. "घरी फोटो नेला तर आजी मला विचारेल."

ऐंशी ओलांडलेली बाई आजीला घाबरत होती. मी त्यांना दारापर्यंत सोडलं. लॉनवरून चालत जाताना त्यांनी एकदा मागे वळून आमच्या खिडकीकडे बघितलं.

मी आत आलो. आता माझ्या बडबडीवरून मला ऐकून घ्यावं लागणार, म्हणून तयारीत होतो. बायको फोटोसमोर उभी होती. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "या गोलकीपरसाठी आजी जन्मभर ताट मांडत होती. त्या मांडणारीसाठी कुणी वाढलं का रे कधी?"