कुंतीचं कुंपण

आमच्या सोसायटीच्या भिंतीला लागून मेंदीचं कुंपण आहे. माळी महिन्यातून दोनदा येतो, कात्री चालवतो आणि ते पोलीस भरतीतल्या पोरांच्या डोक्यासारखं सपाट करून जातो. आमच्या तळमजल्याच्या खिडकीसमोरचा तेवढा तुकडा वेगळा आहे. तिथं पांढऱ्या, वासाच्या फुलांची कुंती आहे, माझ्या सासूबाईंनी लावलेली.

सासूबाईंना मी आत्या म्हणायचे. आमच्या साताऱ्याकडं तसंच म्हणतात. सासरे मार्केटात माथाडी होते, त्यांच्यामागोमाग आत्या सानपाड्यात आल्या आणि इथंच राहिल्या. पण मनानं त्या कायम गावीच, रोपं टाकायच्या दिवसांत तर जाऊनच यायच्या. गावात त्यांच्या हाताला गुण आहे असं सगळे म्हणायचे. मिरचीचं रोप टाकायचं असो, लेकीसुनांच्या परड्यात घेवडा टोकायचा असो, पहिलं बी आत्यांच्या हातनं पडायचं. दुसऱ्या गल्लीतनं बाया बोलवायला यायच्या. त्यांना शाळा माहीत नव्हती, दागिना म्हणावा तर एक पोत. हाताचा हा गुण तेवढा त्यांच्या मालकीचा होता, आणि त्याचा त्यांना केवढा तोरा!

एकदा माहेरच्या देवळातली कुंतीची लाल फळं त्यांनी पदराच्या गाठीला बांधून आणली. चोळून गर काढला, बिया दिवसभर सावलीत सुकवल्या आणि दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत पेरल्या. मी म्हटलं, "आत्या, नर्सरीत तयार रोपं मिळतात, कशाला हा उद्योग?" तर म्हणाल्या, "इकतची पोरं कुणी सांभाळायची? आपण बी टाकायचं."

जमीन म्हणाल तर खाडी बुजवून केलेली. वीतभर खणलं की मुरूम, डबर आणि खारट चिखल. आत्यांनी दोन-दोन फुटांवर खड्डे घेतले, तळवलीतल्या एका गोठ्यातनं शेणखत आणायला लावलं, लाल माती भरली आणि रोपं लावली. माळ्याला दम दिला, "ह्याला कात्री लावायची न्हाई. फुलाचं झाड हाय, त्याला वाटंल तसं वाढू दे." तीन वर्षं ती झाडं आपल्या मनानं वाढली. कुठं फुगली, कुठं वाकली, बारक्या चकचकीत पानांनी गच्च झाली आणि बाराही महिने हिरवी राहिली. फूल मात्र नव्हतं. आत्या म्हणायच्या, बियाचं झाड हाय, दमानं घेतंय.

चौथ्या वर्षी आत्या न्हाणीघरात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण पुन्हा पायावर उभ्या काही राहिल्या नाहीत. त्यांचा पलंग आम्ही हॉलमध्ये खिडकीला लावला. ग्रिलमधनं कुंतीचे शेंडे दिसायचे. आणि त्याच महिन्यात कुंतीनं पहिल्या कळ्या धरल्या.

मी आत सांगायला धावणारच होते. पण त्याच आठवड्यात पार्किंगमध्ये धामण निघाली. साप पकडायला आलेला माणूस सांगून गेला, की कचऱ्याच्या खोलीत उंदीर झालेत, त्यांच्यासाठी ती आली. पण ऐकतंय कोण? पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी मीटिंगमध्ये विषय काढला. म्हणे, सुवासिक झाडाला साप येतो, हे आमची आजीसुद्धा सांगायची. ते कुंतीचं कुंपण मुळासकट काढा.

मी भांडले. भांडण्यात मी कुणाला हार जात नाही, अख्ख्या सेक्टरला माहीत आहे. पण त्या दिवशी सगळे एकीकडं आणि मी एकटी. शेवटी तडजोड झाली. झाड राहू दे, फूल येऊ द्यायचं नाही. वास नाही तर साप नाही. एक जरी फूल दिसलं तरी दुसऱ्या दिवशी माळी झाड उपटणार. मी सगळ्यांसमोर कबूल केलं.

घरी येऊन आत्यांना काय सांगितलं? "एकेकीची तोंडं बंद करून आले. तुमच्या झाडाला हात लावायची कुणाची टाप नाही!" आत्या खूश झाल्या. म्हणाल्या, "वाघीण हाय माझी सून." अशी माझी फुशारकी. हरले, हे माझ्या तोंडातनं निघेना.

तेव्हापासून रोज सकाळी पाणी भरून झालं की मी बादली घेऊन बाहेर जायचे आणि शेंड्यांवरच्या कळ्या खुडायचे. हिरव्या, तांदळाएवढ्या कळ्या, झुबक्यानं यायच्या. पलंगावरनं हाक यायची, "काय करतीस गं?"

"वाळकी पानं काढते, आत्या."

"कळी धरली का?"

"नाही अजून."

हे दोन पावसाळे चाललं. कुंती म्हणजे काय एकदाच फुलून गप्प बसणारं झाड नव्हे. खुडलं की पुन्हा, खुडलं की पुन्हा. मला तिचा राग यायचा. अगं, समजत कसं नाही तुला!

आत्यांनी आधी पाण्याला दोष दिला, मग मातीला. मग दोष देणंच बंद केलं. एक दिवस मी त्यांचे केस विंचरत होते तेव्हा त्या आपल्या दोन्ही तळव्यांकडं बघत बसल्या होत्या. "माझा हात गेला गं," म्हणाल्या. मी म्हटलं, "काहीतरी बोलू नका." पुढं गावाकडनं माझ्या जावेचा फोन आला, मिरचीचं रोप टाकतोय, निदान फोनवरनं 'टाका' म्हणा. तर फोन माझ्याकडं देऊन म्हणाल्या, "दुसऱ्या कुणाला तरी इचार म्हणावं." तेव्हा सांगावं असं वाटलं. पण वाटलं, कळलं की ह्या हाय खातील, आणि कळ्या सोडल्या तर लोक झाड उपटतील. आज ना उद्या लोक विसरतील, मग सोडू एक बहर. अशी मी स्वतःची समजूत घालत राहिले.

माझ्या लेकीला सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून तिला आणली आणि हॉलमध्येच डोहाळजेवण केलं. बिल्डिंगमधल्या साताठ बायका आल्या होत्या, पहिल्या मजल्यावरच्या वहिनीही. हिरवी साडी, फुलांची वाडी, लेक काय दिसत होती! ओटी भरून झाली आणि ती आजीच्या पाया पडायला वाकली.

आत्यांनी हात चादरीखाली ओढून घेतला.

"माझा हात नको गं बाई डोक्यावर. वांझ हात हाय त्यो. त्यानं लावलेलं फुलत न्हाई आता. तू आधी सुखरूप सुट."

लेक तशीच वाकलेली. मी बर्फीचं ताट धरून उभी. "आत्या, कळ्या मी खुडते." चार शब्द होते. ते बोलायला मला काय झालं होतं? समोर त्या वहिनी बसल्या होत्या. हरल्याचं त्यांच्यादेखत आत्यांना सांगायचं, तेही डोहाळजेवणात! मी मोठ्यानं हसले आणि म्हणाले, "काय हो आत्या, भलतंच! घ्या गं बर्फी." बायकाही हसल्या. लेक सरळ उभी राहिली आणि माझ्याकडं बघून कसनुसं हसली.

सगळ्या गेल्यावर सांगू म्हटलं, तर भांड्यांचा ढीग. दुसऱ्या दिवशी डॉक्टर. तिसऱ्या दिवशी आत्यांना ताप भरला. नवव्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेले तर त्या गेलेल्या होत्या.

सुतकात कुंतीकडं जायचं मला भान नव्हतं. घरात माणसं, रडारड, येणारे-जाणारे. दहाव्याचे विधी करून पुरुषमंडळी परतली, तेव्हा मी दार उघडायला गेले आणि तिथंच थांबले. कुंतीचं कुंपण या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरं झालं होतं. हिरवं दिसेना. वास जिन्यात, पार्किंगमध्ये, सगळीकडं. आणि घरात सुतक. देवाला एक फूल वाहायची सोय नाही.

पहिल्या मजल्यावरच्या वहिनी भेटायला आल्या होत्या. डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "काय सुंदर वास हो! हाताला गुणच होता म्हातारीच्या." मला वाटलं, हिच्या झिंज्या धराव्यात. पण कुठल्या तोंडानं? हिनं साप म्हटलं, कळ्या तर मीच खुडल्या.

पोटुशी म्हणून लेकीला आम्ही आतल्या खोलीत बसवलं होतं. वासानं ती बाहेर आली. दाराला धरून बराच वेळ बघत उभी राहिली.

"आई, हे फुलत नाही म्हणायची ना आजी?"

मी तिला सगळं सांगितलं. मीटिंग, बादली, दोन पावसाळे. आयुष्यात पहिल्यांदा मी इतक्या हळू आवाजात बोलले असेन. मला वाटलं, आता ही चिडेल, ओरडेल. माझ्यावर गेलीय ती, ओरडली असती तर बरं झालं असतं.

ती एवढंच म्हणाली, "मी तिचा हात डोक्यावर घ्यायला खाली वाकले होते, आई. तू तिथंच उभी होतीस."