कंदुरी इकडे

आमच्या जिल्ह्यातल्या हॉटेलांत एकट्या माणसाचं टेबल ठरलेलं असतं. हात धुवायच्या बेसिनशेजारचं. तिथं बसलं की चूळ भरायला येणारा प्रत्येक जण आधी आपल्या ताटात डोकावतो आणि मग नळ सोडतो. मालक दारातच विचारतो, "किती जण?" मी एक बोट वर करतो. त्याची नजर माझ्या खांद्यावरून मागं रस्त्यापर्यंत जाऊन येते आणि मग तो बेसिनकडं हात करतो.

एकदा मी यावरून भांडलोही. महामार्गावरच्या एका ढाब्यात पडदे लावलेली, पंख्याची चांगली खोली रिकामी होती आणि मला बाहेर तापलेल्या पत्र्याखाली बसवत होते. खोलीवर पाटी होती, फक्त फॅमिलीसाठी.

"एकटा माणूस कुटुंबात धरत नाहीत का?" मी विचारलं.

मालक गल्ल्यावर बसून शेंगा सोलत होता. "धरतेत की. पण फॅमिली म्हणल्यावर एक तरी बाई लागती, साहेब."

"दोन बायाच आल्या तर?"

"ती फॅमिली."

"दोन पुरुष आले तर?"

"ते गिऱ्हाईक." त्यानं एक शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले. "तुमी तर एकलेच. निम्मं गिऱ्हाईक."

मी तिथं जेवलो नाही. तत्त्वासाठी उपाशी राहायची सवय मला घरातूनच लागली आहे.

धाराशिवला एका छापखान्यात मी कॉम्प्युटरवर मजकूर लावायचं काम करतो. लग्नपत्रिका, दहाव्याच्या चिठ्ठ्या, दुकानांची हँडबिलं. रविवारी सुट्टी असते. त्या दिवशी मी मोटारसायकल काढतो आणि आजवर न खाल्लेलं काहीतरी शोधायला निघतो. कळंबला एका गाड्यावर सुशीला खाल्ली. चुरमुरे भिजवून पिळायचे, कांदा-मिरचीच्या फोडणीत परतायचे आणि वर डाळव्याचं पीठ भुरभुरायचं. या पदार्थाला बाईचं नाव का, हे मी तीन गाड्यांवर विचारलं. तिसरा म्हणाला, "खायाचं हाय का चौकशी करायची?" कर्नाटकच्या सीमेकडं एका लिंगायत खानावळीत हुग्गी खाल्ली, गव्हाची गूळ घातलेली दाट खीर, वर तुपाची धार. वाढणारे आजोबा माझ्याशी कानडीत बोलू लागले. मला कानडी येत नाही म्हटल्यावर तेच त्यांनी पुन्हा, सावकाश, कानडीतच सांगितलं.

हे सगळं चांगलं होतं. पण चांगलं काही खाल्लं की मान वर करून कुणाला तरी सांगावंसं वाटतं, आणि समोर बेसिन असतं.

माझे वडील, मी त्यांना आप्पा म्हणतो, कळंबजवळच्या आमच्या गावात शाळामास्तर होते आणि पत्रकं काढायचे. स्वतःच्या पगारातून, पिवळ्या आणि गुलाबी कागदावर. बाराखडी संपायच्या आधी मला 'बहिष्कार' लिहिता येत होतं. दारूवर पत्रक असे, हुंड्यावर असे, अंगात येण्यावर असे, आणि दर वर्षी जत्रेआधी एक कंदुरीवर असे.

आमच्या भागात मूल व्हावं, दुखणं बरं व्हावं म्हणून पिराला नवस बोलतात. बोलणारं घर हिंदू की मुसलमान, हे कुणी बघत नाही. नवस फळला की बकरं कापतात, दर्ग्यापुढं मलिदा ठेवतात आणि लोकांना जेवू घालतात. ती कंदुरी. आप्पांचं म्हणणं असं, की पोर डॉक्टरच्या हातानं बरं झालं तर मान पिराला का, आणि जीव बकऱ्याचा का? मला ते तेव्हा पटत होतं. आजही पटतं.

अडचण एवढीच होती की कंदुरी घरोघर असायची आणि आम्ही कुणाकडंच जात नव्हतो. सुरुवातीला बोलावणं यायचं. आप्पा दारात उभं राहून नको म्हणायचे आणि बोलवायला आलेल्याच्या हातात पत्रक द्यायचे. मग बोलावणं यायचं थांबलं. कंदुरीच्या दिवशी आमची गल्ली ओस पडायची. आई खिडकी लावून घ्यायची आणि पिठलं टाकायची. आम्ही तिघंच जेवायचो. बंद खिडकीतूनही रश्श्याचा वास यायचा. आईलाही येत असणार, कारण त्या दिवशी तिच्या पिठल्यात लसूण नेहमीपेक्षा जास्त असायचा.

कमवायला लागल्यावर मला हॉटेल सापडलं. इथं कुणाचा नवस नाही, कुणाच्या बोलावण्याची वाट बघणं नाही. हल्ली हॉटेलांच्या पाट्यांवरही 'कंदुरी मटण' असं लिहिलेलं दिसतं. तेही मी खाल्लं. हॉटेलातली कंदुरी म्हणजे नुसती रश्श्याची एक तऱ्हा, तिच्यात नवस नाही, असा माझा युक्तिवाद होता. आप्पांना तो मी कधी ऐकवला नव्हता.

आई गेल्यापासून आप्पा गावात एकटे राहतात. पत्रक अजून लिहितात, वहीच्या कागदावर, समास सोडून. मी इथं मजकूर लावतो, छापतो आणि गठ्ठा एसटीनं पाठवतो. वर्षातून आम्ही मिळून करतो असं हे एकच काम. या वेळच्या मजकुरात एक वाक्य होतं: 'या पंगतीत ओळखीच्याला ताट मिळते, परक्याला कोणी बसवून घेत नाही.' मला ते फार आवडलं. लहानपणची ती ओस गल्ली मला त्यात दिसली. मी ते ठळक अक्षरात लावलं. सोमवारी छपाई होती.

आदल्या रविवारी मी जळकोटकडं गेलो. महामार्गावरून एक कच्चा रस्ता आत जात होता आणि त्याच्या तोंडाशी खोक्याच्या पुठ्ठ्यावर निळ्या रंगानं लिहिलं होतं: कंदुरी इकडे. खाली बाण. नवं हॉटेल दिसतंय, मला वाटलं, अजून फ्लेक्स करायला सवड झालेली नाही. अशा ठिकाणी जेवण चांगलं असतं, असा माझा अनुभव होता.

दोन शेतं ओलांडल्यावर लिंबाखाली ताडपत्री बांधलेली दिसली. चुलीवर दोन मोठी पातेली होती आणि माणसं जमिनीवर ओळीनं बसली होती. झाडापलीकडं हिरवी चादर घातलेली मजार होती. ती मी पाहिली नाही. पाहायची नव्हती म्हणून पाहिली नाही का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

किती जण, असं कुणी विचारलं नाही. डोक्यावर पदर घेतलेल्या एक म्हाताऱ्या आजी पंगतीवर देखरेख करत होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि बसलेल्यांना म्हणाल्या, "सरका की वो थोडं." मग मला, "बसा बाबा. ऊन लई झालंय."

दोन माणसं सरकली. मधे माझ्यापुरती जागा झाली.

बादली घेतलेला एक मिशीवाला गडी समोर आला. "काय काय आहे?" मी विचारलं.

त्यानं बादलीत वाकून बघितलं. "ह्येच हाय."

"अळणी वेगळं मिळेल?" मसाला घालायच्या आधी काढलेला हा बिनतिखटाचा रस्सा हॉटेलात वेगळा मागता येतो.

माझ्या उजव्या हाताला टोपी घातलेले एक आजोबा बसले होते. त्यांना हसू आलं. "मिळंल की. पाव्हणं शहरातलं दिसतंय. आण रं, अळणी आण त्यांना."

मी भाकरीचा तुकडा मोडून रश्श्यात बुडवून खाऊ लागलो. आजोबांनी थोडा वेळ ते सोसलं.

"असं खाल्लं तर दिवस मावळंपतुर बसाल. चुरा."

मी चुरली.

"बारीक. रस्सा भाकरीत शिरला पायजे." आणि त्यांनी सरळ माझ्या पत्रावळीत हात घातला. ते अजून जेवायचे होते, हात कोरडा होता. त्यांनी माझी भाकरी चुरली, मधे आळं केलं आणि बादलीवाल्याला खुणावलं. माझ्या ताटात दुसऱ्याचा हात याआधी कधी आला होता, ते मी आठवू लागलो. आईचा आला होता. त्यानंतर कुणाचा नाही.

हॉटेलातल्या कंदुरीवर तेलाचा बोटभर तवंग असतो. हा रस्सा पातळ, काळसर होता आणि त्याला हाडाचा गोडवा होता. आजी माझ्यासमोर येऊन थांबल्या. "साकू?" साकू म्हणजे पुरे, एवढी कानडी मला हुग्गीवाल्या आजोबांकडून आली होती. मी साकू म्हटलं. तरीही त्यांनी आणखी वाढायला लावलं.

हात धुऊन मी खिशातून पाकीट काढलं आणि आजींकडं गेलो. "किती झाले?"

"कशाचं?"

"एक ताट. अळणी जास्तीचं घेतलं."

मागून टोपीवाले आजोबा म्हणाले, "पाव्हणं हाटेल समजून जेवलं वो." हे बोलणं पंगतीतून शेवटच्या माणसापर्यंत गेलं आणि तिकडून प्रश्न आला, "मग बरं हाय का हाटेल?"

आजी हसल्या नाहीत. "कंदुरी हाय, बाबा. माज्या नातीची. दोन वर्सं पोरीला उभं ऱ्हाता येत न्हवतं. आता धरून धरून चालती."

तेव्हा मला हिरवी चादर दिसली.

"मला हे मान्य नाही," मी म्हणालो. म्हणणं भाग होतं. "आम्ही कंदुरी खात नाही."

"मग आता काय खाल्लं?" आजोबांनी विचारलं.

"मान्य नसंना," आजी म्हणाल्या. "जेवला न्हवं पोटभर?"

"तिला दवाखान्यात नेलं होतं का?" माझ्यातलं पत्रक बोललं.

"नेलं की. सोलापूरला. आपरेशन झालं. डाक्टरलाबी सांगावा धाडलाय जेवायचा. त्याला कुठली सवड."

मी पाकीट तसंच पुढं धरलं. मी म्हणालो, "मी कोण, कुठला, हे तुम्ही विचारलंसुद्धा नाही."

"कंदुरीत इचारत न्हाईत. इचारून वाढलं की नवस फिटत न्हाय." त्यांनी माझं पाकीट दोन बोटांनी मागं सारलं आणि कागदात बांधलेला मलिदा हातावर ठेवला. पोळी कुस्करून गूळ-तूप घातलेला. "घिऊन जा. घरी कोण असंल त्याला द्या."

घरी कुणी नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही.

सोमवारी पत्रक स्क्रीनवर उघडलं. परक्याला कोणी बसवून घेत नाही. ठळक अक्षरात. ते तसंच छापलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. पण पत्रकात एक खोटं वाक्य गेलं की बाकीच्या खऱ्या वाक्यांवरचाही विश्वास जातो, हे मला आप्पांनीच शिकवलेलं. वाक्य खोटं आहे हे सांगायचं, तर ते मला कसं कळलं हेही सांगावं लागणार होतं. आणि मग पुढच्या वर्षी आप्पा पत्रक माझ्याकडं पाठवतील का, याची मला खात्री नव्हती. अर्धा तास मी लग्नपत्रिका लावत बसलो. मग बाहेर पायरीवर येऊन फोन केला.

"आप्पा, एक वाक्य चुकलंय."

"शुद्धलेखन?"

"नाही. खोटं आहे." मी वाचून दाखवलं.

"खोटं कसं? तुला काय माहीत?"

"मी काल बसलो होतो. जळकोटकडं. मला कुणी ओळखत नव्हतं. त्यांनी सरकून जागा दिली."

मग आप्पा म्हणाले, "चुकून बसलास?"

हो म्हणून मोकळं होता आलं असतं. "बसलो चुकून," मी म्हणालो. "जेवताना चूक वाटली नाही."

पलीकडं आप्पांनी खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"मलिदा दिला का?"

"दिला."

"गुळाचा का साखरेचा?"

"गुळाचा."

"गुळाचाच असतो," आप्पा म्हणाले.

त्यांच्या आजवरच्या एकाही पत्रकात मलिद्याचा उल्लेख नव्हता. मी सगळी वाचलेली आहेत.

"ते वाक्य काढ," ते म्हणाले. "बाकीचं खरं आहे. बाकीचं राहू दे." जेवलास का, हे ते दर वेळी विचारतात. त्या दिवशी न विचारता त्यांनी फोन ठेवला.

वाक्य काढल्यावर दोन ओळींची जागा मोकळी राहिली. छापखान्याचे मालक म्हणाले, तिथं एखादी नक्षी टाक. मी टाकली नाही. दुपारी डबा खायच्या वेळी मलिद्याची पुडी उघडली. मलिदा वाळला होता, पण तुपाचा वास होता. निम्मा मी खाल्ला. चांगला लागला. मान वर केली तर समोर छपाईचं मशीन चालू होतं, एकेक गुलाबी कागद बाहेर टाकत. उरलेला निम्मा पुन्हा बांधला, गठ्ठ्यात पत्रकांच्या मधे ठेवला आणि संध्याकाळच्या कळंब गाडीनं पाठवला.

तिसऱ्या दिवशी आप्पांचा फोन आला. गठ्ठा मिळाला, छपाई स्वच्छ आहे, म्हणाले. पुडीबद्दल काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.