तुळशीरामाचा पांगारा

मिठागरात निम्मा जन्म घालवलेला तुळशीराम गुडघ्यावरच्या पाण्याला भितो, हे कोणाला सांगूनही पटलं नसतं. म्हणून तो सांगतच नसे. लहानपणी होडी उलटून खाडीत गटांगळ्या खाल्ल्या होत्या, तेव्हापासून त्याने होडीत पाय ठेवला नव्हता. आणि लेक नेमकी दिली खाडीपलीकडे, करंजाला! वऱ्हाड आलं ते होडीतून, कमळ सासरी गेली तीही होडीतून, आणि हा रेवसच्या धक्क्यावर हात हलवत उभा. नातू झाला तो भर पावसाळ्यात, तिकडेच. होड्या सुरू झाल्यावर बायको केसर दोनदा जाऊन आली. दोन्ही वेळा तुळशीरामाला ऐन निघताना ताप भरला. या तापावर औषध नाही, हे केसरला पक्कं ठाऊक होतं.

नातवाचं जावळ येत्या चैत्रात करायचं ठरलं तेव्हा मात्र, मार्गशीर्षातच, तो मुकाट्याने देवळामागच्या तळ्यावर गेला. तिथे रोज सकाळी दोघे ठरलेले असत. एक दादू कोळी, पंचक्रोशीत त्याच्याइतका वेगाने पोहणारा नाही. दुसरे दमेकरी बाळाजी मास्तर, पोहून पोहून त्यांची धाप निम्म्यावर आली होती. तुळशीरामाने खाली मान घालून भीती सांगून टाकली. ऊठसूट हसणारा दादू त्या दिवशी हसला नाही. माझ्या लेखी त्यांची मैत्री तिथेच जमली.

दादूने त्याच्या पाठीला पांगाऱ्याचा ठोकळा बांधला. कोळी जाळं तरंगायला हेच हलकं लाकूड लावतात. पहिला आठवडा तुळशीराम पायरी सोडेना. मग चार हात, मग दहा हात. पौषात मास्तरांच्या बरोबरीने जाऊ लागला. माघात तर घरी बढाई, "केसर, हल्ली दादूला मागं टाकतो मी!"

ठोकळ्याला तो जिवापाड जपे. मिठागरातल्या उघाडीच्या, म्हणजे खाडीचं पाणी आत घ्यायच्या दाराच्या, फळ्या कायम ओल्या ठेवतात, उन्हात त्या तडकतात. त्याच हिशेबाने हा रोज पोहून झालं की ठोकळा पायरीखाली पाण्यात दडपायचा आणि वर धोंडा ठेवायचा.

फाल्गुनात एका सकाळी त्याने आख्खं तळं पार केलं. काठावर बसून ठोकळा सोडला, कपाळाला लावला. "द्येव हाय माझा!" म्हणाला, तोच ठोकळा हातातून निसटला आणि सरळ तळाला गेला.

तुळशीराम बघतच राहिला. मास्तर खोकला लागेपर्यंत हसले.

"अरं, पांगारा वाळवायचा असतो," दादू म्हणाला. "पानी पिऊन धोंडा झालाय त्याचा. महिना झाला, त्यो तुला न्हाय, तूच त्याला वाहतोयस."

"ठावं होतं तुला? आन् मी बुडलो असतो म्हंजे?" तुळशीराम लालबुंद झाला.

"तुळशीरामा," मास्तर म्हणाले, "महिनाभर हा दादू तुझ्यामागे हातभर अंतरावर का पोहतोय, असं वाटलं तुला?"

तुळशीरामाला घरची बढाई आठवली. राग कुठल्या कुठे गेला आणि डोळे भरून आले. तोंड धुतल्याचं निमित्त करून त्याने पुन्हा तळ्यात बुडी मारली, पाठीला काहीही न बांधता.

चैत्रात तो होडीत बसला. केसरचा हात घट्ट धरून, डोळे मिटून. मध्यावर होडी डुलली तसे डोळे उघडले, मागे पाहिलं. दादू बसलेला, हातात ना टोपली ना जाळं.

"तू कुठं रं?"

"करंजाला. काम हाय."

धक्क्यावर कमळ नातवाला कडेवर घेऊन उभी होती. बापाला होडीतून उतरताना पाहून तिला हसू आणि रडू एकदमच आलं. तिने पोर त्याच्या हातात दिलं.

"बा, भ्या न्हाय वाटलं?"

"वाटलं की," नातवाच्या जावळावरून हात फिरवत तुळशीराम म्हणाला. "पन दादू मागं होता."